हार्ड रॉक बँड कोकणात कसा टिकवायचा

माझं कुडाळला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाण्याचे पंप, पिठाच्या गिरण्या, बर्फाच्या कारखान्याच्या मोटारी, सगळं येतं. संध्याकाळी सातला शटर ओढलं की मागच्या खोलीत आमचा बँड वाजतो. पाच जण, हार्ड रॉक, २००७ पासून. गिटार मी वाजवतो आणि बँड चालवण्याची जबाबदारीही माझ्यावरच आहे. मालवण, वेंगुर्ला, कणकवलीची पोरं दुकानात येतात आणि विचारतात, "दादा, बँड काढतोय, कुठली गिटार घेऊ?" मी उलट विचारतो, "ड्रमर कोण आहे?" बहुतेकांकडे उत्तर नसतं. म्हणून इथे सगळं क्रमाने लिहून काढतो.

गिटारवाला आपोआप मिळतो, बँड काढायची खाज त्यालाच असते. ड्रमर मात्र शोधावा लागतो, आणि सिंधुदुर्गात तो ड्रमच्या क्लासमध्ये शोधू नका. डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, जा. रात्री अकरा वाजता बारी रंगात आली की बुवांकडे बघू नका, पखवाजवाल्याकडे बघा. बुवा आलाप लांबवतात, मध्येच शब्द तोडतात, कोरसला चिथावतात, आणि हा माणूस ठेक्यावरून तसूभर हलत नाही. गजराला लय चढते तेव्हाही ती त्याच्या हातात असते, हातातून सुटत नाही. आमचा ड्रमर असाच एका भजनी मंडळातला. आठ मात्रांचा केरवा लहानपणापासून अंगात, त्यामुळे चारचा ठेका त्याला समजावून सांगावा लागलाच नाही. फक्त पायाने वेळ घेतला. बेस ड्रमच्या पेडलवर उजवा पाय बसायला आठ महिने गेले. आठ महिने थांबायची तयारी ठेवा, पण लय असलेला माणूसच घ्या.

बँड कसा चालवायचा हेही मी बुवांकडूनच शिकलो. बारी बुवांच्या नावाने ओळखली जाते, पण चांगला बुवा स्वतः किती वेळ गातो ते घड्याळ लावून बघा. निम्मा वेळ तो दुसऱ्याला जागा देत असतो. परदेशातल्या मोठ्या बँडमध्येही हेच दिसतं. एसी/डीसी म्हटलं की शाळेच्या गणवेशात स्टेजभर धावणारा अँगस यंग डोळ्यासमोर येतो. १९७३ साली सिडनीत बँड सुरू केला तो दोघा भावांनी, आणि तो चालवायचा मोठा भाऊ माल्कम. तो मागे ड्रमजवळ उभा राहून ऱ्हिदम वाजवायचा. सोलो जवळपास सगळे धाकट्याला दिलेले. गिटारवाल्याने बँड चालवायचा म्हणजे काय, हे मला माल्कमच्या उजव्या हाताकडे बघून कळलं.

तेव्हा पहिले तीन महिने सोलो बंद. गाणं घ्या, त्यातला सोलो काढून टाका, तेवढे बार (तालाची आवर्तनं) फक्त बेस आणि ड्रम वाजू द्या. गाणं उभं राहतंय का बघा. राहत नसेल तर तुमचा सोलो तिथे भगदाड बुजवतोय, आणि भगदाड बुजवून गाणं उभं राहत नाही. आम्ही अशी सहा गाणी काढून टाकली. त्यातली दोन मला फार प्रिय होती.

आता आवाज. खोलीत एकट्याने वाजवताना अँपचा गेन (आवाज फाडणारं बटण) भरपूर आणि मिड (मधले स्वर) कमी ठेवला की गिटार जाड, मखमली वाटते. तीच सेटिंग बँडमध्ये नेली की गिटार गायब होते. मग आपण व्हॉल्यूम वाढवतो, ड्रमर जोरात मारतो, बेसवालाही वाढवतो आणि गायकाचा घसा फाटतो. दुसऱ्याच महिन्यात आमचा गायक प्रॅक्टिस थांबवून म्हणाला, "रे, माका माझोच आवाज आयकाक येणा नाय." तो शांतपणे म्हणाला, भांडला नाही, म्हणून जास्त लागलं. त्या दिवसापासूनचा आमचा नियम असा: गेन आपल्याला आवडतो त्याच्या दोन तृतीयांश, मिड बाराच्या काट्याच्या पुढे, बास कमी, कारण खालची जागा बेसवाल्याची. अँप गुडघ्याशी ठेवून समोर तोंड करू नका. मागून वीट लावून तो तिरका करा, स्पीकर स्वतःच्या कानाकडे बघेल असा. गुडघ्याला ऐकू येत नाही, म्हणून आपण आवाज वाढवत राहतो. कानाशी आला की आपोआप कमी करतो.

गायकाला वरच्या पट्टीत ताणायला लागत असेल तर सगळ्या तारा अर्धा स्वर खाली उतरवा. यात कमीपणा नाही. ब्लॅक सॅबथ बँडच्या गिटारिस्ट टोनी आयोमीने तर दीड स्वर उतरवला होता. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये गेली. तो डावखुरा, म्हणजे तार दाबण्याचाच हात. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल केल्या. त्या सैल तारांचा जड, काळवंडलेला आवाज पुढे अख्ख्या हेवी मेटलचा पाया झाला. माझ्या दुकानात प्रेसवर बोट गमावलेली माणसं येतात. आयोमीची ही गोष्ट मी त्यांना सांगतो.

आता वीज. बाकी सगळं वरवर वाचलंत तरी चालेल, हे नीट वाचा.

३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी शहरात स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी स्टेजवर वीज लागून गेला. हातात गिटार होती आणि माइकला हात लागला. अर्थिंग बरोबर नव्हतं. गिटारच्या तारा केबलमधून अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात, माइकची जाळी मिक्सरच्या अर्थला. दोन्ही अर्थ एक असतील तर काही होत नाही. एकीकडे अर्थ तुटलेलं असेल आणि वीज गळत असेल, तर ते वर्तुळ तुमच्या अंगातून पूर्ण होतं. बोटं तारेवर, ओठ माइकवर, मध्ये छाती.

आमच्याकडे मे महिन्यात हा धोका वाढतो. जांभा पाणी धरून ठेवत नाही. पावसाळ्यात घातलेला अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मे पर्यंत कोरडा ठणठणीत होतो आणि सळई नुसती शोभेला उरते. एका गावच्या वार्षिक कार्यक्रमात मांडवाच्या बोर्डला हिरवी वायर छान लावलेली होती. मी सवयीप्रमाणे मीटर काढला, एक काडी गिटारच्या तारेला, दुसरी माइकच्या जाळीला. ९४ व्होल्ट. गायक माइकपासून चार पावलांवर पाण्याची बाटली उघडत उभा होता. मांडवाच्या मागे गेलो, तिथे हिरवी वायर एका बांबूला गुंडाळून सोडून दिली होती. मी कार्यक्रम पाऊण तास थांबवला. कमिटीची माणसं चिडली, माझ्यावर आवाज चढवला. मी पुन्हा तेच करीन.

करायचं ते असं. साधा डिजिटल मल्टिमीटर गिटारच्या बॅगेत कायम ठेवा. आधी बोर्डवर मोजा: फेज ते न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज ते अर्थही जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ भलताच कमी दाखवत असेल किंवा आकडा नाचत असेल तर अर्थ नाही असं समजा. मग अँप आणि मिक्सर चालू करून, कुणीही गिटार हातात न घेता, तार ते माइक मोजा. दोन व्होल्टच्या वर गेलं तर थांबा. अँप आणि मिक्सर एकाच बोर्डवर घ्या. हम (घूंऽऽ असा आवाज) येतो म्हणून प्लगची अर्थची पिन काढणारा साउंडवाला भेटला तर त्याला हात जोडा आणि पिन परत लावून घ्या. स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड बाळगा आणि त्यात ३० मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. तुमच्या तालुक्याच्या गावी कुणीही वायरमन बसवून देईल. अर्थिंगचा खड्डा कोरडा असेल तर मिठाचं पाणी बादलीभर ओता, पण ओतून झाल्यावर पुन्हा मोजा. माइकवर स्पंजची टोपी घाला, ती ओठांना धातूपासून लांब ठेवते. जमेल तेव्हा गिटारला वायरलेस लावा, म्हणजे अँप आणि तुमचं शरीर यांच्यात तारच राहत नाही.

दुसरी गोष्ट न्यूट्रलची. जनरेटर थ्री फेज असेल आणि न्यूट्रल ढिला असेल तर तो निसटल्यावर एका फेजवर दीडशे आणि दुसऱ्यावर तीनशेच्या वर व्होल्ट जाऊ शकतात. एका रात्रीत तीन अँप जळून माझ्या दुकानात आलेले आहेत. जनरेटरवाल्याला न्यूट्रलचा नट तुमच्यासमोर आवळायला लावा.

मांडवात ट्यूबलाइटी आणि डिमर असतात, त्यांचा ५० हर्ट्झचा घूंऽऽ आवाज साध्या एका कॉइलच्या पिकअपमध्ये (तारेचं कंपन पकडणाऱ्या चुंबकी भागात) शिरतो. हार्ड रॉकला डिस्टॉर्शन लागतं, ते हा आवाज आणखी मोठा करतं. म्हणून गिटार घेताना हमबकर पिकअपची घ्या. गिब्सन कंपनीत सेथ लव्हरने १९५५ साली याच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन कॉइल उलट्या गुंडाळायच्या, चुंबकाची दिशाही उलटी, म्हणजे बाहेरचा हम एकमेकांना खोडतो आणि तारेचा आवाज जोडला जातो. माझ्या गिटारच्या पिकअपची एक कॉइल तुटली तेव्हा मी ती स्वतः गुंडाळली. पंपाच्या मोटारीची तार बोटाला जाणवते. ही ४२ गेजची, मिलिमीटरच्या सहा शतांशाएवढी, खिडकीच्या उजेडात तिरकी धरली तरच दिसते, आणि श्वास जोरात सोडला तरी हलते. हजारो वेढे. तीनदा तुटली, चौथ्यांदा लागली.

तारांना आपल्या किनाऱ्याची हवा मानवत नाही. तारकर्लीला वाळूवर एक रात्र वाजवलं की सकाळी ई आणि बीच्या तारांवर काळे ठिपके. प्रत्येक गाण्यानंतर घाम, आणि सेट संपल्यावर प्रत्येक तार वेगळी धरून जुन्या सुती पंचाच्या तुकड्याने पुसा, खालच्या बाजूनेही. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या दर आठवड्याला तव्यावर मंद आचेवर सुकवा. जुलैमध्ये गिटारची मान फुगून तारा उंच जातात, डिसेंबरात खाली येतात. मानेतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका दिवशी फिरवू नका. नव्या तारा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लावा, हाताने ओढून ओढून सैल करा, मग सूर धरतील.

तारखांचं गणित मुंबईच्या बँडसारखं करू नका. आमचा बेसवाला देवगडचा, हापूसची बाग आहे. मार्चच्या मध्यापासून त्याच्याकडे तारीख मागायची नाही, ती पेटी भरायची वेळ. दोन-तीन सुपाऱ्या (कार्यक्रमांची बोलावणी) सोडाव्या लागतात, त्या मी सोडतो. शिमग्यात पालखी घरी येते, गणपतीत प्रत्येकाच्या घरी आरती-भजन असतं, त्या दिवसांत बँड बंद. जूनपासून बाहेरचे कार्यक्रम नसतात आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. आमचा पहिला गायक मामाच्या ट्रॉलरवर होता, हे दोन महिने तो रोज मोकळा. म्हणून आमची सगळी नवी गाणी जून-जुलैतली आहेत. पहिलं स्वतःचं गाणं आम्ही २०११ साली केलं, मालवणीत, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटींविषयी. रेकॉर्डिंगही तेव्हाच करतो, पण पत्र्यावर पाऊस पडत असताना माइक निरुपयोगी. गिटार आणि बेस सरळ इंटरफेसमध्ये (कॉम्प्युटरला जोडायच्या रेकॉर्डिंगच्या डब्यात) घ्या, आणि गायकाला उघडीप मिळेल त्या तासाला बोलवा. जत्रांचा आणि पर्यटनाचा मोसम तुळशीच्या लग्नानंतर, तेव्हा हातात निदान चाळीस मिनिटांचा पक्का सेट हवा.

सुपारी घेताना दोन गोष्टी लेखी मागा: विसार, आणि स्टेजवर चढण्याची वेळ. उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. सरकार वर्षातले ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. तुमचा कार्यक्रम त्या दिवशी आहे का ते आधी विचारा. नाहीतर सत्कार आणि भाषणं साडेनऊपर्यंत चालतात आणि तुमच्या वाट्याला चार गाणी येतात. इतरांची गाणी वाजवणार असाल तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) परवाना आयोजकाने काढायचा असतो, त्याचीही आठवण करून द्या.

पैशांवरून बँड फुटतात. आमची पद्धत सांगतो. समजा बिदागी तीस हजार. टेम्पो आणि डिझेल साडेचार, जेवण दीड. उरले चोवीस. त्याचे सहा वाटे, प्रत्येकी चार हजार. पाच वाटे पाच जणांचे, सहावा बँडचा. सहाव्या वाट्यातून तारा, ड्रमची पानं, केबल, दुरुस्ती. माझी गिटार, माझी खोली, फोन मी करतो, तरी माझा वाटा एकच. गाणं कुणी केलं हेही त्याच वहीत लिहा, गाणं नवीन असतानाच. डीप पर्पलच्या सगळ्यात गाजलेल्या पाच जणांच्या संचात गाण्याखाली पाचही नावं असायची, गिटारिस्ट रिची ब्लॅकमोरची रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची ओळ) असली तरी. आम्ही तेच ठेवलं.

गायक जाणार, हे धरून चाला. आमचा २०१४ साली बोटीवरची नोकरी लागून गेला. आपल्याकडे पोरं मुंबईला जातात, आखातात जातात, त्यांना अडवू नये. तेव्हा मी खूप वाचलं, दुसऱ्यांनी काय केलं ते. ब्लॅकमोरने १९७५ साली डीप पर्पल सोडून रेनबो काढला आणि पहिल्या अल्बमनंतर गायक डिओ सोडून सगळ्यांना बदललं. आवाज भारी झाला, पण पुढे माणसं येत-जात राहिली, डिओही गेला. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट १९८० च्या फेब्रुवारीत वारला, त्यांनी ब्रायन जॉन्सनला घेतलं आणि जुलैत नवा अल्बम आला. त्याच सप्टेंबरात लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनम गेला, आणि डिसेंबरात त्यांनी जाहीर केलं की आता आम्ही पुढे जाऊ शकत नाही. मला दोन्ही निर्णय बरोबर वाटतात.

आम्ही नवा गायक घेतला आणि एक मोठी चूक माझ्याकडून झाली. जुन्या गायकाची सगळी गाणी, त्याच पट्टीत, त्याच हरकतींसह मी त्याच्या गळ्यात घातली. चार महिन्यांत त्याचा आवाज बसला, डॉक्टरांनी तीन आठवडे बोलूही नको म्हणून सांगितलं. तो बरा होऊन आला तेव्हा मी वही त्याच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, यातलं तुला काय गायचंय ते तू सांग. त्याने चार गाणी खोडली, उरलेली अर्धा स्वर खाली आणली, आणि एका गाण्यात जिथे माझा सोलो होता तिथे तो नुसता "ओऽऽ" म्हणून लांबवतो. कणकवलीला पहिल्यांदा तसं वाजवलं तेव्हा मागच्या रांगेतली माणसं त्याच्याबरोबर म्हणायला लागली. मी त्या आठ बारांत खालच्या ई तारेवर पाम म्यूट (तळवा टेकवून दबका आवाज) धरून उभा असतो. नव्या गायकाला घ्याल तेव्हा वही पहिल्याच दिवशी त्याच्याकडे द्या, घसा बसायची वाट बघू नका.

कार्यक्रम संपल्यावरचं काम. केबल कोपराला गुंडाळू नका, आत पीळ बसून तुटतात. मोठं वेटोळं, एक सरळ एक उलट. बॅगेच्या झाकणाला आतून यादी चिकटवा: केबल अकरा, अडॅप्टर चार, मीटर, एक्स्टेन्शन बोर्ड, पंचा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने हात लावून "आहे" म्हणायचं. मग टेम्पोत बसल्यावर, घरी पोचण्याआधी, त्याच रात्री पैसे वाटायचे. आमचं ठिकाण ठरलेलं आहे, कसालच्या तिठ्यावर. ड्रायव्हर आतला दिवा लावतो, ड्रमर मोजतो, सहावं पाकीट तो माझ्याकडे न देता बेसवाल्याकडे देतो, कारण हिशेबाची वही त्याच्याकडे आहे.